कौतिक केबलवाल्याच्या दोन रिंगा

एरंडोलच्या कौतिक महाजनला सासर असून नसल्यासारखं होतं. म्हणजे सासर होतं, चांगलं शिंदखेड्याला होतं, सासू भागाबाई होत्या, दोन मेहुणे होते. पण हा जावई तिकडे गेला तरी तिथे नसायचा. पाटावर बसला की एक कान एरंडोलकडे. पुरणपोळीवर तूप पडेपर्यंत याला आठवायचं की घरी व्होल्टेज कमी झालं असेल, आणि हात धुऊन स्वारी एसटी स्टँडवर. भागाबाई म्हणायच्या, जवाई उना कधी आणि गया कधी, हे माले चपलासवरथून कळस.

याला कारण केबल. आधी कौतिक रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास त्याने गच्चीवर छत्री बसवली, माजघरातल्या फळीवर चार डबे मांडले आणि खांबाखांबावरून वायरी ओढून अर्ध्या गावाला टीव्ही दाखवायला लागला. चारातला तिसरा डबा मोठा मानी. वीज वरखाली झाली की तो बधिर व्हायचा आणि गावभर पडद्यावर मुंग्या. उपाय अगदी सोपा: बटण बंद करायचं, डब्याला घोटभर चहा होईपर्यंत गार होऊ द्यायचं, पुन्हा चालू करायचं. शेंबडं पोरही करील असं काम. पण कौतिकचा विश्वास फक्त दोन माणसांवर, एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको प्रमिला.

एकदा त्याने किल्ली शेजारच्या भिकुबाईकडे देऊन पाहिली होती. भिकुबाई म्हणजे जीव लावणारी बाई. डबा तापलाय हे पाहून तिने मायेपोटी त्याच्यावर ओलं पोतं टाकलं, माठावर टाकतात तसं. त्या दिवसापासून कौतिकच्या घराची किल्ली कुणाच्या हाती लागली नाही, आणि नवरा-बायको दोघं मिळून कुठे गावाला गेलीत असं गल्लीला दिसलं नाही. ती गेली की हा घरी, हा गेला की ती घरी. देवदर्शनालासुद्धा पाळी लावलेली.

एकदा मात्र गेली होती, प्रमिलाच्या थोरल्या भावाच्या, वनाच्या लग्नाला. तेव्हा कौतिकचे वडील हयात होते, डबे नाइलाजाने त्यांच्यावर सोपवले होते. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवाचे डहाळे आणायचा मान जावयाचा. बैलगाडी सजवायची, वाजत गाजत शिवारात जायचं, आंब्या-उंबराच्या फांद्या तोडून गाडीत भरायच्या आणि त्या हिरव्या ढिगावर जावई बसून गावात यायचा. बाया दारात ओवाळायला उभ्या. तर गाडी वेशीशी आली, तेवढ्यात कुणीतरी निरोप आणला की एरंडोलला टीव्ही बंद. कौतिकने गाडीवरून उडी मारली आणि समोरून येणारा ट्रक धरला. डहाळे आले, जावई आला नाही. बायांनी त्यावर तिथल्या तिथे गाणं जुळवलं आणि प्रमिलाने ते लग्न उरकेपर्यंत ऐकलं. आईने नुसत्या डहाळ्यांना ओवाळलं, आणि तेच प्रमिलाला सगळ्यात जास्त लागलं.

आता धाकट्या रुपचंदचं लग्न निघालं. प्रमिला पापड लाटत होती. मान वर न करता ती म्हणाली, "या टाइमले गाडीवरथून उतरनात, ते मी परत एरंडोलले येवाव नही." आवाज चढवला नव्हता. प्रमिला चिडली की भांडी आपटायची, ते कौतिकला सोसायचं. हे लाटणं एका लयीत फिरत राहिलं, आणि तेच त्याला सोसेना.

त्यात मुहूर्त निघाला रविवारचा, गोरज. आणि त्याच रविवारी क्रिकेटची फायनल. गुरुजींच्या पंचांगात तिथी-नक्षत्र सगळं असतं, क्रिकेट तेवढं नसतं. वडील आता नव्हते. घराला कुलूप लावून जायचं तर तिसऱ्या डब्याला कोण बघणार? कौतिकची झोप उडाली.

उपाय सापडला तो टेलिफोनमधून. गल्लीत फोन एकच, कौतिकचा. त्यामुळे गल्लीतलं कुणीही परगावी गेलं की तिथल्या एसटीडी बूथवरून कौतिककडे दोन रिंगा द्यायचं आणि ठेवून द्यायचं. दोन रिंगा म्हणजे "सुखरूप पोचलो". कुणी उचललं नाही तर पैसे पडत नाहीत, आणि निरोप तर जातो. प्रमिला फोन उचलायची नाही. आज कोण गावाला गेलंय, कोणती गाडी कधी पोचते, हे तिला तोंडपाठ. ती ओट्यावर येऊन समोरच्या घरातल्या नानांना हाक मारायची की नाना, तुमची सून पोचली बरं का, आणि नाना निवांत पंचा टाकून आडवे व्हायचे.

एका दुपारी अशाच दोन रिंगा झाल्या आणि कौतिक खुर्चीतून उठून उभाच राहिला. शंभर कोसांवरचा माणूस माझ्या घरात घंटा वाजवतो, तर त्याच घंटेने बटण का दाबू नये?

मग त्याला दुसरं काही सुचेना. जेवण नाही, आंघोळ नाही. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या भंगारातला एक रिले त्याने जपून ठेवला होता, ठोका मिळाला की एकेक घर पुढे सरकणारा. टेपरेकॉर्डरचा माईक काढून फोनच्या घंटेशी बसवला. बरोब्बर दोन रिंगा होऊन शांत झालं की बटण पलटायचं: चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. तीन झाल्या, चार झाल्या तर काही नाही. बाहेरच्या आवाजाने, फटाक्याने यंत्र फसू नये म्हणून फोन आणि माईक दोन्ही गोधडीत गुंडाळून पेटीत ठेवले, म्हणजे घंटा बाहेर कुणाला ऐकू जायची नाही. एका दुपारी प्रमिलाला पेटीशेजारी बसवून तो धरणगावला गेला, बूथवरून दोन रिंगा दिल्या आणि मिळेल त्या गाडीने घर गाठलं. दारातूनच विचारलं, काय झालं? प्रमिला म्हणाली, बंद पडलं. आपला डबा बंद पडला म्हणून आनंदाने उड्या मारणारा केबलवाला खानदेशात तो एकटाच असेल.

हे गुपित त्याने प्रमिलाशिवाय कुणाला सांगितलं नाही. चौकातले किराणा दुकानदार चिंधा आबा, त्यांच्याकडे फोनही होता आणि दुकानात टीव्हीही. त्यांना एवढंच म्हणाला, "आबा, टीव्ही बंद पडला तर शिंदखेड्याला भटूच्या बूथवर फोन करा. मी तिथूनच पाहून घेईन." आबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि तुरीची डाळ मोजायला लागले.

शनिवारी डहाळ्याची गाडी शिवारातून निघाली. पुढे बँड, मागे पोरं, ढिगावर फेटा बांधलेला कौतिक. मांडवाच्या दाराशी गाडी थांबली, भागाबाई ओवाळायला पुढे आल्या, तोच समोरच्या बूथमधून भटू धावत आला. "पाव्हना, एरंडोलना फोन शे!"

बँडवाल्याने फुंकणं थांबवलं. प्रमिलाच्या हातातलं तांब्याचं भांडं जागच्या जागी राहिलं. कौतिक गाडीवरून उतरला, पण स्टँडकडे गेला नाही, बूथमध्ये गेला. तिकडून आबा म्हणत होते, "टीव्हीवर मुंग्याच मुंग्या भो. बठ्ठा गाव मन्हा दुकानसमोर उभा शे." कौतिकने फोन ठेवला आणि घरचा नंबर फिरवला. या मार्गावरील सर्व लाइनी व्यस्त आहेत, म्हणून बाई सांगायला लागली. पुन्हा फिरवला. पुन्हा तीच बाई. सातव्या-आठव्या वेळी लाइन लागली. एक रिंग, दोन रिंगा, ठेवला. डबा गार होईपर्यंत थांबला. पुन्हा दोन रिंगा, ठेवला. मग आबांना फोन लावला.

"उनं रे भो, चित्र उनं!" आबा ओरडत होते. "काय जादू करी रे तू?"

कौतिकने फोन ठेवला. शंभरेक किलोमीटरवर, कुलूपबंद घरात, त्याने नुसत्या बोटाने डबा झोपवून उठवला होता. तो बूथमधून बाहेर आला तो हवेतच. पुन्हा गाडीवर चढला, डहाळ्याच्या ढिगावर बसला आणि बँडवाल्याला म्हणाला, आता वाजव. भागाबाईंनी ओवाळलं, टॉवेल-टोपी दिली. प्रमिला कुणाला दिसणार नाही अशी पदराआड हसत होती, पण ती हसतेय हे सगळ्या मांडवाला कळलं. त्या दिवशी कौतिक वरणात कुस्करून तीन बट्ट्या जास्त जेवला.

रविवार उजाडला. पहूरहून मुलीकडची मंडळी आली. हळद झाली, जेवणं झाली. मॅच रंगात आली होती आणि भटूच्या बूथमधल्या रेडिओभोवती अर्धं वऱ्हाड कोंडाळं करून उभं होतं. थोड्याच वेळात नवरदेव घोड्यावरून मारुतीला जायचा, घोड्याशेजारी जावयाने चालायचं. कौतिक फेटा बांधून घेत होता, तेव्हा भटू पुन्हा आला.

टीव्ही बंद पडला होता. कौतिक हसतच बूथमध्ये गेला. कालचा अनुभव होता, हात सरावलेला होता. दोन रिंगा दिल्या, थांबला, पुन्हा दोन रिंगा दिल्या. मग आबांना विचारलं, आला?

"उना होता," आबा म्हणाले. "घडीभर उना आणि परत गया."

कौतिकने पुन्हा तेच केलं. पुन्हा आबा म्हणाले, आला आणि गेला. तिसऱ्यांदाही तेच. आबांच्या मागे माणसांचा गलका ऐकू येत होता आणि त्यातले काही शब्द लग्नघरात सांगण्यासारखे नव्हते. "आणि काय रे," आबा वैतागून म्हणाले, "ती भिकुबाई सकायपासून तुन्हा ओटावर बशेल शे. दारले कान लावीसन. तिले काय सांगू?"

कौतिकला भिकुबाईशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे रिले जळालेला दिसत होता, वितळलेली वायर दिसत होती, गोधडी पेटलेली दिसत होती. तो खोलीत आला आणि पिशवीत कपडे कोंबायला लागला. दारात प्रमिला उभी राहिली. कलश हातात, नऊवारी नेसलेली, करवली म्हणून नटलेली. तिने पिशवीकडे पाहिलं. बाहेर घोड्याच्या गळ्यातले घुंगरू वाजत होते.

"निंघनात?" ती म्हणाली.

"प्रमिला, यंत्र बिघडलं. मी दोनदा रिंगा देतो, टीव्ही येतो आणि जातो. घर पेटेल एखाद्या वेळेस." त्याचा आवाज रडवेला झाला होता. "गाव मला फाडून खाईल. आणि ती भिकुबाई तिसरीच, दाराला कान लावून बसलीय म्हणे."

प्रमिलाच्या तोंडावर रागाची जी जमवाजमव चालली होती, ती थांबली. "भिकुबाई कान लावीसन बशेल शे?"

"सकाळपासून."

"आज छगन सुरतले गया." छगन हा भिकुबाईचा एकुलता एक, हिऱ्याच्या कारखान्यात कामाला लागणार होता, घरातून पहिल्यांदाच बाहेर पडलेला. "तो पोचना की दोन रिंगा देई. त्याच ऐकाले बशेल शे ती." आणि मग प्रमिलाने कलश खाली ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. "नानानी सून आज नाशिकले गयी. दुपारले पोचस ती. तिनी रिंगा देल्या व्हतीन!"

कौतिक पिशवी धरून तसाच उभा. नानांच्या सुनेने नेमाने दोन रिंगा दिल्या, आणि यंत्राने नेमाने डबा बंद केला. डबा बधिर नव्हताच, नुसता बंद होता. मग याने दोन रिंगा दिल्या तेव्हा तो चालू झाला, आणि पुन्हा दोन दिल्या तेव्हा याच्याच हाताने बंद झाला. तीन वेळा त्याने गावाला टीव्ही दाखवून काढून घेतला होता. गल्लीची ही रीत तो रोज कानांनी ऐकत होता, तिच्यावरूनच त्याला युक्ती सुचली होती, आणि यंत्र जोडताना तेवढी गल्लीच तो विसरला होता. तो मटकन खाली बसला आणि हसायला लागला. प्रमिलालाही हसू आवरेना.

मग एकदम त्याचं हसू थांबलं. "म्हणजे छगनच्या रिंगा अजून यायच्यात."

"सांजना येळले पोचस गाडी."

म्हणजे ऐन शेवटच्या षटकांत. आणि तेव्हा कौतिक घोड्याशेजारी असणार, मारुतीच्या पारावर, बूथपासून लांब. त्याने पिशवीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. 

"तुम्हीच कशाले पळतस?" प्रमिला म्हणाली. "आबाकडे फोन शे ना. त्यासले सांगा, टीव्ही गया की दोन रिंगा द्या."

कौतिकला हे सुचलं नव्हतं असं नाही. सुचू दिलं नव्हतं. आबांना सांगायचं म्हणजे दुकानाला सांगायचं, दुकानाला सांगायचं म्हणजे एरंडोलला सांगायचं. उद्यापासून ज्याच्या हाती फोन त्याच्या हाती कौतिकच्या डब्यांचं बटण. वरच्या आळीवाल्यांना राग आला की ते खालच्या आळीचा टीव्ही बंद करणार. ज्या डब्याला त्याने पाच वर्षं कुणाचं बोट लागू दिलं नाही, त्याला आता गावाची सगळी बोटं लागणार.

"बठ्ठा गावले कळी जाई," तो म्हणाला.

"कळू द्या ना," प्रमिला म्हणाली आणि कलश उचलून बाहेर गेली. घोडा दारात आला होता.

कौतिक बूथमध्ये गेला. त्याने आधी एकदाच दोन रिंगा दिल्या आणि फोन ठेवला, म्हणजे डबा चालू राहिला. मग आबांना फोन केला. सगळं सांगितलं, गोधडीसकट. आबांनी गोधडीचं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे हाऊ टीव्ही मी अठे बशी बंद करी सकस?" त्यांच्या आवाजातला आनंद कौतिकला अजिबात आवडला नाही. "आणि आबा," तो म्हणाला, "भिकुबाईला दुकानात आणून टीव्हीसमोर बसवा. सांगा तिला, टीव्ही बंद पडला की समज, छगन पोचला." एवढं बोलून त्याने फोन ठेवला आणि धावत जाऊन घोड्याचा लगाम धरला.

मारुतीला नवरदेव गेला, नारळ फुटला, वरात नाचत परत आली. कौतिक नाचला. पहिल्यांदा दोनचार वेळा त्याची मान बूथकडे वळली, भटू रेडिओपाशी बसलेला दिसला, आणि मग वरातीच्या धक्क्याबुक्क्यांत बूथ मागे पडला. गोरजावर अक्षता पडल्या. रुपचंदमागे प्रमिला उभी होती आणि प्रमिलाशेजारी कौतिक, शेवटचं मंगलाष्टक संपेपर्यंत. भागाबाईंनी दोनदा वळून खात्री करून घेतली.

मग नवरा-बायको दोघं मिळून बूथमध्ये गेली. फोनला कान दोघांचे, मधे रिसीव्हर. आबा सांगायला टपलेच होते. शेवटचं षटक चालू होतं. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. टीव्ही जाऊ नये म्हणून कुणी मारुतीला, कुणी पद्मालयाच्या गणपतीला नवस बोललेलं. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, पोत्यावर, भिकुबाई. टीव्ही कधी जातो याची वाट पाहणारी एरंडोलातली एकटी बाई. दोन चेंडू राहिले आणि पडदा काळा झाला. बठ्ठा दुकान हाय हाय करी उठना, आबा सांगत होते, आणि ही एकटी टाळ्या वाजवी ऱ्हायनी. "पोचना, मन्हा छगन पोचना!" म्हणून तिने शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली.

"मग तुम्ही रिंगा दिल्या ना?" कौतिकने विचारलं.

"देल्या ना भो. पन आधी तिले पानी देलं. मंग देल्या."

"मॅच?"

"जितनूत. शेवटना चेंडूवर. एक चेंडू गया, पन तो शेवटना तेवढा दखायना. आते अठे साखर वाटी ऱ्हायनात. मॅचनी शे का छगननी शे, कोन्हलेच ठावकं नही."

प्रमिलाने रिसीव्हर हातातून घेतला आणि ठेवून दिला, कारण तिला पुढे ऐकवेना; डोळे भरून आले होते आणि बाहेर लोक बोलावत होते.

पंगत बसली. वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्याची भाजी, तुपाची धार. जावई म्हणून कौतिकला पहिल्या पानावर बसवलं होतं, आणि रीत सोडून प्रमिलाही त्याच्या शेजारी बसली, भागाबाईंनीच बसवलं. कौतिकने बट्टी कुस्करली, वरण ओतलं आणि खाली मान घालून मन लावून जेवायला लागला. प्रमिलाचा घास मात्र हातातच. ती सारखी बूथकडे पाहत होती.

"फोन करी या ना एकदाव," शेवटी ती हळूच म्हणाली. "बंद ते पडना नसी ना टीव्ही?"

"पडना व्हई," कौतिक म्हणाला. "कोन्ही तरी पोचनं व्हई."

आणि त्याने वाढप्याला हाक मारून आणखी एक बट्टी मागून घेतली.